पिवळी चिठ्ठी

ताथवड्याच्या विद्यापीठात संगीताचं ग्रंथालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतात. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना मी एकदाच भेटले, नाव विचारायचं राहूनच गेलं. चाकणच्या एका कंपनीत ते वर्षानुवर्षं तयार माल तपासत होते, निवृत्तीनंतर इथे आले. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी मी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

माझ्या गाण्याच्या बाई गेल्या, म्हणून त्यांच्या कॅसेट द्यायला मी गेले होते. ते प्रत्येक कॅसेट खिडकीपाशी उजेडात धरत, करंगळीने तिचं चाक हळूच फिरवून बघत आणि चिठ्ठी लावत. चांगलीला हिरवी, बिघडलेलीला पिवळी. शेवटच्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती.

"ही खराब झालीय, टाकून द्या," मी म्हटलं.

त्यांनी पिवळी चिठ्ठी लावली आणि तिच्यावर सावकाश लिहिलं, 'रीवर्क'.

"ताई, खराब लिहिलं की माल भंगारात जातो. रीवर्क लिहिलं की कुणीतरी परत हातात घेतं."

ती कॅसेट पुढे वाजली का, मला ठाऊक नाही.

घशाच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं मी तंबोऱ्याला हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी गवसणी काढली. वरच्या सा वर आवाज दोनदा फाटला. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. रीवर्क चाललंय."

नवराही अशाच एका कंपनीतला, हा शब्द त्याच्या रोजच्या वापरातला.