मावशीचा आखडता हात

माझी मावशी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. आई गेल्यापासून मी तिच्याकडेच होते. तिचं काम अर्ध्या दिवसाचं, त्यामुळे मी शाळेतून येईपर्यंत ती घरी आलेली असायची. मग दोघी गार फरशीवर आडव्या होऊन गप्पा हाणायचो. त्या दुपारी आठवल्या की आजही जीव कासावीस होतो.

आमच्यासारख्या कमी कमाईच्या घरांना सरकारी भत्ता यायचा. कमाई जरा वाढली की तो बंद होतो, असा सगळ्या धोबीखान्याचा ठाम समज. पैसे चादरीमागे मिळायचे, म्हणून महिना संपत आला की बायकांचे हात आपोआप जड व्हायचे. मुकादम वैतागायचा, "अगं, चादरीला इस्त्री करतेस की तिला झोपवतेस?" मावशी म्हणायची, "हळू बोला, जागी होईल."

मग भत्त्याच्या कचेरीतून एक बाई यायला लागल्या. आधीचे साहेब घरात डोकावून नवं काय आलंय ते बघायचे. या मात्र धोबीखान्यातच येऊन चादरीचं दुसरं टोक धरून घडी घालू लागायच्या.

"ताई, भत्ता एकदम जात नाही. कमाई वाढेल तसा थोडा थोडा कमी होतो. हातात जास्तच उरतं."

"आणि काम सुटलं तर? या पोरीला काय हवा खायला घालू?"

"तर पुन्हा सुरू होतो. मी स्वतः करून देईन. एक महिना हात आखडू नका, बघा तर खरं."

घरी येऊन मावशीने त्यांचा यथेच्छ उद्धार केला. पण तो महिना ती शेवटपर्यंत नेटाने राबली, जीव मुठीत धरून. भत्त्याच्या दिवशी ती सकाळपासून आत-बाहेर करत होती. भत्ता आला. थोडा कमी, पण आला.

मावशी भिंतीला टेकून बसली. "इतकी वर्षं मी कशाला भ्यायले गं?" म्हणाली आणि रडली.

तिने पूर्ण दिवसाचं काम धरलं. पहिल्याच दुपारी घराला कुलूप बघून माझं डोकं फिरलं. तिला ओढून आणायचं ठरवून मी तरातरा धोबीखान्यात गेले. मावशीची इस्त्री सपासप चालली होती. शेजारच्या दोघींना घड्या घालताना दम लागला होता, आणि ही हसत होती. तिचा हात असा चालतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी दारातच बसले. तिला हाक मारावीशी वाटली नाही.