सांगून येणारं पाणी

"पाणी सांगून येतं," असं काका म्हणायचे आणि शाईने माखलेला अंगठा आकाशाकडे करायचे. भर दुपारी, छपराच्या वर, त्यांना तिथे चंद्र दिसायचा.

आमच्या संघटनेची पत्रकं ते छापायचे. नाशिकच्या जुन्या भागातल्या बोळात त्यांचं एक मशीन, एक स्टूल आणि कागदाचे ढीग. तुमच्यापैकी कुणी कधी मोर्चाचं पत्रक छापून घेतलं असेल तर असा माणूस तुम्हाला माहीत असणार. मजकूर आपला, मतं त्याची. माझी उद्गारचिन्हं ते न विचारता कापून टाकायचे. "एवढं ओरडतोस कशाला मेल्या? वाचणारा बहिरा नाही."

काका मूळचे दापोलीकडच्या खाडीकाठचे. तिथली नदी रोज भरते, रोज ओसरते. भरतीचं पहिलं पाणी आत शिरलं की मासा त्याच्याबरोबर चढतो, तेव्हाच गळ टाकायचा. हे त्यांच्या हाडात इतकं मुरलेलं की सगळी हयात घाटावर काढूनही ते प्रत्येक नदीला खाडीच समजायचे. दिंडोरीच्या पलीकडे, एका धरणाखाली, त्यांनी डोह शोधून काढला होता. उन्हाळ्यात वरून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की डोहाचं पाणी चढायचं, बंद झालं की उतरायचं. काकांना आणखी काय हवं? "बघ, इथेही भरती येते," ते सांगायचे, जणू त्यांच्या माहेरचं कुणी नाशिकला राहायला आलंय.

आमचं पत्रक त्याच धरणावर होतं. पाणी सोडताना भोंगा वाजवायचा, हा नियम. भोंगा बिघडलेला, आणि तो दुरुस्त कुणी करायचा यावर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत बसलेली. खाली बाया धुणं धुतात, मेंढरं पाण्यावर येतात, पोरं डुंबतात. त्यांचं काय? मथळा मी दिला होता: 'भोंगा कुठे आहे?' काकांनी पत्रकं छापली, गठ्ठा बांधला आणि म्हणाले, "पण पाण्याला भोंगा लागतोच कशाला?"

"काका, तुमच्या खाडीत पाणी चंद्र सोडतो. इथे साहेब सोडतो."

"तू एकदा चल माझ्याबरोबर, पुढारी. नुसत्या नदीवर लिहितोस. नदीवर बसलायस कधी?"

बसलो नव्हतो. म्हणून एका रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. वाटेत द्राक्षबागांमधून औषधाचा उग्र वास. डोहात मधोमध एक सपाट कातळ होता, घोटाभर पाण्यातून तिथवर चालत जाता यायचं. काकांनी कणीक मळून गळाला गोळी लावली. मासा लागला की कळावं म्हणून दोरीला मोरपिसाचा तरंगता देठ बांधलेला, त्याच्या टोकाला मशीनमधली लाल शाई. देठ पाण्यात उभा राहिला आणि बडबडे काका गप्प झाले.

दुपार झाली तरी देठ हलला नाही. काठावर एक जण पाठीवरचा फवारणीपंप धूत होता. त्याने हटकलं, "काय घावलं का नाय?"

"भरती येऊ दे," काका म्हणाले.

"भरती?" तो माझ्याकडे बघून हसला. मी त्यालाही एक पत्रक दिलं. खाली माझा नंबर होता.

मग वारा नसताना देठ तिरका झाला. पाण्यावरून सुकी पानं आली, मागून फेस, मग कुणा लहान मुलाची एकच चप्पल. समोरचे बगळे सगळे एकदम उठले. कातळाची कोरडी कड ओली होत होत आमच्याकडे सरकायला लागली.

"आली रे!" काकांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. देठ बुडाला, त्यांनी हिसका दिला, चिलापी कातळावर तडफडली.

"काका, निघा."

"वेडा आहेस का? आता कुठे सुरुवात. सावकाश चढेल. पाण्याला घाई नसते."

काठावरून फवारणीवाला ओरडला, "ओ, भाईर या दोघं! पानी सोडलंय! मेव्हन्याचा फोन आलाय वरून!"

म्हणजे सरकारी भोंग्याचं काम कुणाचा तरी मेव्हणा करत होता.

मी काकांचा दंड धरून ओढलं. घोटाभर पाणी मांडीपर्यंत आलं होतं. ते चढत नव्हतं, ढकलत होतं. फवारणीवाल्याने हात दिला म्हणून काठ लागला. वळून पाहिलं तर कातळ नव्हता.

काका माझ्यावरच चिडले. "माझी भरती घालवलीस." घरी सोडताना मात्र चिलापी माझ्या हातात दिली. "आईला दे. सांग, पुढाऱ्याने धरली."

"एकटे जाणार नाही, कबूल करा."

"बरं."

हे 'बरं' मी ओळखत होतो. उद्या पत्रकं मिळतील का विचारलं की हेच 'बरं' यायचं, आणि पत्रकं परवा मिळायची.

पुढच्या आवर्तनात, दुपारी, फवारणीवाल्याचा फोन आला. "तुमच्या त्या मान्साची स्कूटर हितं उभी हाय. पानी लय आलंय. मानूस दिसत नाय."

मी पोचलो तेव्हा नदी दोन्ही काठांना लागून वाहत होती, गढूळ आणि मुकाट. भोंगा वाजला नव्हता. जीपमधून एक साहेब उतरला, त्याने फोन लावला आणि वर दरवाजे बंद झाले. नीट लक्षात घ्या. पाणी सोडताना ज्यांना कळवायला सवड नव्हती, त्यांना थांबवायला एक फोन पुरला. मग साहेबाने मला विचारलं, "नदीपात्रात बसायची परवानगी होती का त्यांच्याकडे?"

मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

पाणी उतरायला लागलं. दगड एकेक करून वर आले, मग कातळ आला, धुतलेला, रिकामा. फवारणीवाला बांबू घेऊन डोहात उतरला. तळ चाचपत, मध्येच थांबत, तो कमरेएवढ्या पाण्यात पुढे चालला होता. काकांचं नाव त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो आपल्या रीतीने हाक मारत होता.

"ओ पाव्हनं! ओ पाव्हनं!"