आपली केबल

खारघरला आमच्या शेजारी राहणारे काका एका डेटा सेंटरमध्ये मॅनेजर आहेत. "आपली केबल समुद्राखालून थेट युरोपात जाते. आंतरराष्ट्रीय कायदाय, टेन्शन नाय," असं ते लिफ्टमध्येही गुंतवणूकदारांना पटवल्यासारखं सांगतात. मी घरातला पहिला पदवीधर. परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्याच आग्रहाने केला, एरवी धाडस झालं नसतं.

ऑनलाइन मुलाखतीच्या आठवड्यातच केबल तुटली. ऐन प्रश्नात प्राध्यापक पडद्यावर थिजले. मी काकांकडे धावलो.

"काका, आपली केबल?"

"त्यांची रे! ज्यांच्या समुद्रात तुटली, तो देश दुरुस्तीचं जहाज हद्दीत येऊ देत नाय."

मग काकांनीच प्राध्यापकांना फोन लावला आणि समुद्राचा कायदा समजावता समजावता माझा सगळा वेळ संपवला.

"छान झाली हं मुलाखत," फोन ठेवत ते म्हणाले.