तीज आणि भाड्याचा घागरा

बाभुळगावच्या आमच्या कार्यालयातल्या साहेबांना सगळ्या धर्मांच्या सुट्ट्या तोंडपाठ होत्या. ईदचा चंद्र दिसला का, याची चौकशी ते आमच्या मुसलमान शिपायाच्याही आधी करायचे, कारण सुट्टी रविवारला जोडून येते का ते बघायचं असायचं. शिपायाच्या घरी मात्र कधी गेले नाहीत. शिरखुर्म्याचा डबा टेबलावर यायचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक लिपिक बाई बसायच्या. त्या फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरच्या. श्रावणात त्यांनी एक दिवसाची रजा मागितली. तांड्यावर तीज होती. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी ते हिरवे कोंब नदीवर नेऊन पाण्यात शिरवतात. बाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. म्हणजे तिची ही शेवटची तीज.

साहेब अर्ज वाचून हसले. "हा कुठला सण काढला? सुट्ट्यांच्या यादीत आहे का?"

"यादीत नाही सर. तांड्यावर आहे."

"असं प्रत्येकाचं ऐकत बसलो तर ऑफिसला कुलूप लावावं लागेल."

किरकोळ रजेला एवढं खरं कारण द्यायचं नसतं, हे बाईंना माहीत नव्हतं. घरच्या महालक्ष्म्यांसाठी मी दर वर्षी पोट बिघडल्याचं लिहीत आलो होतो आणि साहेब मान हलवून सही करायचे. ते त्या वेळी मी बोललो नाही.

बाई गेल्याच. परत आल्यावर त्यांना नोटीस मिळाली. ती मी टाइप केली, शुद्धलेखन दोनदा तपासून. बाईंनी उत्तरात एकच ओळ लिहिली : बहिणीची तीज होती.

महिन्याभरात वरून पत्र आलं. विविधतेत एकता, सर्व कार्यालयांनी सांस्कृतिक कार्यक्रम सादर करावा, उत्तम कार्यक्रमाला बक्षीस. साहेबांनी बाईंना बोलावलं. आवाजात साखर.

"मॅडम, तुमचा तो तीजचा नाच बसवा. आरशांचा घागरा घालून या. फार कलरफुल दिसतं."

"तीज तर शिरवली ना सर आम्ही," बाई म्हणाल्या. "आता कायले नाचू?"

साहेबांना वाटलं, बाईंना माज आलाय. काम माझ्याकडे आलं. शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देणारं एक दुकान यवतमाळात आहे, तिथून मी घागरा आणला. एका सहकाऱ्याची हौशी बायको तो घालून मोबाइलवरच्या कुठल्याशा राजस्थानी गाण्यावर नाचायला तयार झाली. बाईंची ड्यूटी पाहुण्यांना पाणी देण्याची.

स्टेजवर जाण्याआधी त्या नाचणारीची ओढणी सारखी घसरत होती. बाई पाण्याचा जग ठेवून उठल्या. "अशी नाही ताई, डोक्यावरून घ्या, मंग टिकते." त्यांनी ती नीट बसवून दिली, दोन पिना लावल्या. मला त्यांचा राग आला. त्यांनी तमाशा करावा, साहेबांना चार शब्द सुनवावेत, असं मला मनातून हवं होतं. स्वतः घागरा आणून देणाऱ्या माणसाची ही अपेक्षा!

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोत मी दात काढून उभा आहे.

पुढच्या वर्षी बाईंनी बदली मागून घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब त्यांच्या थोर संस्कृतीवर दहा मिनिटं बोलले आणि तीजेला शेवटपर्यंत हरतालिका म्हणत राहिले. बाई खाली बघत होत्या. मी सगळ्यांसोबत टाळ्या वाजवल्या.