पास्त्याचं पाणी

"पाकिटावर काय लिहिलंय ते मी वाचलं हो, उकळायचं पाणी कुठलं होतं, तेवढं सांगा."

हे वाक्य पडदेवाली कितीतरी स्वयंपाकघरांच्या दारात उभं राहून बोलली होती. लोक आधी हसत, मग चिडत.

घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि पडदे शिवून द्यायचे, हा तिचा धंदा. अंड्याचा अंशही पोटात गेला, की तिचा घसा आतून सुजे, श्वासाला वाट उरत नसे. मुलगी शाळेत असताना एका ओळखीच्या घरी भिडेपोटी तिनं विचारलं नव्हतं. दोन घासांत कोसळली. मुलीनं शेजारपाजारची दारं बडवली म्हणून वाचली. तेव्हापासून पर्समध्ये इंजेक्शन असे, आणि कुठेही गेली तरी ती दाराजवळची खुर्ची धरी.

आज तिला मानाची जागा मिळाली होती, म्हणजे सगळ्यांत आतली. भिंतीला लावलेलं टेबल, लांब बाक; एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मुलगी, तिच्यापलीकडे होणारा जावई. समोर त्याचे आईवडील. लग्नाची बोलणी व्हायची होती. खिडकी बंद होती आणि पडदा विनाकारण जाड. अशा कापडातून हवा येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

विहीणबाईंनी रिकामं पाकीट पुढं केलं. "तुमच्यासाठी मुद्दाम बिनअंड्याचा पास्ता आणलाय. आमचा घरचा, अंडी घालून मळलेला. तुमचं ताट वेगळं, चमचा वेगळा. झालं समाधान?"

तिनं पाकीट उलटसुलट करून वाचलं. गहू आणि पाणी. इशाऱ्याची ओळही कुठं नव्हती. जीव भांड्यात पडला. तरी सवयीनं तिनं ते वाक्य बोलून टाकलं.

"पाणी? एकच की! आधी आमचा काढला, त्याच उकळत्या पाण्यात तुमचा टाकला. ते पिठाळ पाणी फेकायचं नाही, सासूबाईंची शिकवण. सगळी चव त्यातच."

"घाबरू नका," व्याही हसत म्हणाले, "आमच्याकडे विष फक्त हिच्या बोलण्यात असतं!"

"तुम्ही गप्प बसा. अहो, एवढ्या उकळीत काय जिवंत राहतं?"

"जंतू मरतात. अंडं मरत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला एखादं फळ द्या. तेवढं पुरे."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "सकाळपासून पायावर उभी आहे मी."

ताटातून वाफ येत होती. टेबलाखाली मुलीचा हात तिच्या गुडघ्यावर आला.

"आई," मुलगी ओठ न हलवता पुटपुटली, "एक घास. आजच्या दिवस."

पडदेवालीनं त्या हाताकडे पाहिलं. याच हातानं तेव्हा दारं बडवली होती. तिनं काटा उचलला, पास्त्यात फिरवला, तोंडाजवळ नेला. घशाला काही लागलंही नव्हतं, तरी भिंत अंगावर सरकल्यासारखी वाटली. तिनं मुलीकडे बघितलं. मुलगी स्वतःच्या ताटात बघत होती.

काटा ताटाच्या कडेला ठेवून ती उभी राहिली. बाक आणि टेबल यांच्यात नीट उभं राहायलाही जागा नव्हती. होणारा जावई गडबडीनं उठला. मुलगी मात्र तशीच बसून राहिली. पडदेवाली पर्स छातीशी धरून वाकलेली, मुलीच्या डोक्यावरच्या भांगाकडे बघत. शेवटी मुलीनं गुडघे एका बाजूला घेतले. आई अंग चोरून बाहेर निघाली.

"रागावलात का हो?" विहीणबाईंनी मागून विचारलं. "नुसतं पाणीच तर होतं!"

दाराशी चपलांचा ढीग होता. आपल्या चपला तिनं खालून ओढून हातातच घेतल्या आणि बाहेर पडली.