सर्जेरावानं न घेतलेलं नाव

सर्जेराव गेल्याचं मला वर्गात कळलं. शिपाई दारातून म्हणाला, "बाई, सर्जेराव फौजी गेले. शाळा सोडा म्हनायलेत." मी म्हटलं, "तास पुरा होऊ दे." आणि तो पुरा केला. मग वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी 'बोरीच्या वीरावर', आमच्या गावच्या या फौजीवर, लिहिण्याचा निरोप आला. गेलेल्याबद्दल गोड लिहायचं असतं, हे ठाऊक असूनही मी हो म्हटलं.

सर्जेराव पाटील गल्लीतला, माझा थोरला भाऊ गौतम बौद्धवाड्यातला. दोघं एकाच दिवशी फौजेत भरती झाले. एकाहत्तरची लढाई जाहीर होण्याआधीच दोघांना लुंग्या नेसवून, कोळ्यांच्या वेषात सरहद्दीपलीकडे धाडलं होतं. शत्रूच्या दारूगोळ्याची बोट घाटाला लागली होती, तिच्या बुडाला सुरुंग लावायचा होता. घरी एक अक्षर कळवायची परवानगी नव्हती. बोट उडाली. सर्जेराव परतला. आमच्या घरी तार आली... गौतम बेपत्ता.

पेन्शनीवर आल्यावर सर्जेराव पारावर बसून ती हकिकत सांगायचा. "लय गार पानी. कमरेला सुरुंग, नाक तेवढं वर. आन् मी एकटाच!" माणसं श्वास रोखून ऐकायची. त्याचं धाडस खोटं नव्हतं, ते मी नाकारत नाही. पण हकिकतीत गौतम कधीच नव्हता. माझी आई पाराच्या कडेला, पदर तोंडाशी धरून उभी राहायची. घरी येऊन विचारायची, "आपल्या गौत्याचं कवा येतंय गं?" मला तिच्याकडे बघवत नसे.

एकदा देवगाव फाट्यावर मी एसटीची वाट बघत असताना तो भर दुपारी एकटा सापडला. मी समोर जाऊन उभी राहिले.

"माझा भाऊ कुठंय?"

तो आधी हसला, मग खाली बघू लागला. "मांडीत गोळी लागली व्हती, बाई. लव्हाळ्यात लपवून ठेवला. बोट उडवून येतो म्हनलो."

"मग?"

"न्हाई गेलो. जायला वेळ व्हता... पाय उचलंना."

"आमच्या वाड्यातला होता म्हणून?"

त्यानं रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "तेवढं इचारू नका."

बस आली. मी चढले नाही. म्हटलं, "मला नको, माझ्या आईला सांगा. तुमच्या तोंडून ऐकू दे तिला."

"बेस्तरवारी येतो," तो म्हणाला.

गुरुवारी आईनं अंगण सारवलं, धुतलेलं लुगडं नेसली, सकाळपासून उंबऱ्यात बसली. तो आला नाही. दिवस मावळल्यावर तिनं चहाचं आधण उतरवलं. पुढच्या आठवड्यात पारावर पुन्हा तेच... "मी एकटाच!" त्याच साली आई वारली.

सर्जेरावाच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. फाट्यावरचं सगळं मी शब्दन् शब्द सांगितलं, भावाचं नाव घेऊन. सरपंच उठले, "बाई, मयताचं असं बोलू नये." मी थांबणारच होते, तेवढ्यात बायकांमधून सर्जेरावाची बायको सुंदरबाई उभी राहिली.

"बोलू द्या. खरं हाय ते. त्या बेस्तरवारी टोपी घालून निघालते. मीच आडवी आले. म्हनले, गावात तोंड कसं दाखवावं आमी?"

सभा तिथंच मोडली. घरी जाताना सुंदरबाईनं माझा हात धरला, "माझ्यावर राग काढा, त्यांच्यावर नको." मी हात सोडवून घेतला.

अडवलं तिनं, ते एका दिवशी. त्यानंतर माझी आई चार महिने जिवंत होती, आणि दर आठवड्याला बेस्तरवार येत होता.