दाट केसांसाठी केलेला गोटा

केस विरळ झाले म्हणून कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल, भिजवलेली मेथी, सगळं डोक्यावर थापून झालं होतं. मग माझ्याइतकंच टक्कल पडू लागलेला चुलतभाऊ म्हणाला, "एकदा गोटा कर, दाट येतात. चल, दोघंही करू." जळगावच्या सलूनमध्ये आधी मी बसलो. शेवटची बट पडली तेव्हा आरशात त्याची खुर्ची रिकामी दिसली. फोनवर म्हणाला, "तुझं डोकं पाहून धीरच सुटला रे!"

त्याला शिव्या देत गावच्या स्टँडवर उतरलो, तर शेजारच्या नानांनी मला छातीशीच धरलं. "आबा कव्हय गयात रे भाऊ?" आमच्या गावात बाप गेल्यावर मुलगा गोटा करतो, हे कांद्याच्या वासात मी विसरलोच होतो. मी नाही-नाही म्हणेपर्यंत चार माणसं माझ्या घराकडे निघालीसुद्धा. ओट्यावर वडील बशीतून चहा पीत बसले होते.

आबांनी आधी त्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्या चकचकीत डोक्याकडे. मी घाईघाईने चुलतभावाचा दगा सांगितला. आबांनी बशी खाली ठेवली.

"त्यानी तरी मना इचार कया."